उजेड जपून ठेवणारे कॅमेरे

१९ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२चे दोन अंतराळवीर चंद्रावर उतरले. चार महिन्यांपूर्वी नील आर्मस्ट्राँगची पावले जगाने धूसर, काळ्यापांढऱ्या चित्रात पाहिली होती. या वेळी सोबत रंगीत कॅमेरा होता. ॲलन बीन तो तिवईवर बसवायला निघाला आणि वाटेत भिंग सूर्याकडे वळले. पृथ्वीवरच्या पडद्यांवर उरला वरच्या बाजूचा पांढरा पट्टा आणि खाली काळोख. बीनने हातोडीने कॅमेऱ्यावर ठोकूनही पाहिले. उपयोग झाला नाही. पुढचा चंद्रविहार दाखवायला वाहिन्यांकडे चित्रच नव्हते, फक्त आवाज होता.

योगायोग असा की याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या चिपची कल्पना मांडली होती. पुढे २००९ साली त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळाले. सूर्य चुकून समोर आला म्हणून असा आंधळा न होणारा डोळा त्या चिपमधून तयार झाला. पण टीव्हीच्या व्यावसायिक कॅमेऱ्यांत तो यायला १९८०चे दशक उजाडावे लागले. तोवर, म्हणजे बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून १९३६च्या नोव्हेंबरात नियमित प्रक्षेपण सुरू केले तेव्हापासून जवळजवळ पन्नास वर्षे, फिल्मवर टिपलेले सोडले तर टीव्हीवर दिसलेले बहुतेक प्रत्येक चित्र काचेच्या एका निर्वात नळीतून आलेले होते. त्या नळीला सगळे ट्यूबच म्हणत, आपणही तसेच म्हणू.

ट्यूबचे काम थोडक्यात सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. भिंगातून आलेली प्रतिमा ट्यूबच्या तोंडाशी असलेल्या एका पातळ थरावर पडते. जिथे जास्त उजेड, तिथे त्या थरावरचा विद्युतभार जास्त गळतो. मागच्या टोकाला तापलेल्या तारेपाशी इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत तयार होतो. तो शेतात नांगर फिरावा तसा ओळीओळीने थरावरून फिरतो आणि गळलेला भार भरून काढतो. कुठे किती भरावे लागले, तोच विजेचा चढउतार म्हणजे चित्र. आपल्याकडच्या पद्धतीत ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे. प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, आधी विषम ओळी, मग सम. म्हणजे ट्यूब क्षण टिपत नाही. झोत पुन्हा त्या जागी येईपर्यंत जितका उजेड पडला, तेवढा ती साठवते. आणि झोताला एका फेरीत सगळे भरून काढता आले नाही, तर आधीच्या चित्राचा थोडा अंश पुढच्या चित्रात उरतो.

हा थर कशाचा, याची मला वेगळीच गंमत वाटते. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९५०च्या सुमारास आणलेल्या व्हिडिकॉन ट्यूबमध्ये तो अँटिमनी सल्फाइडचा होता. डोळ्यांत घालायचा जुना सुरमा ज्या खनिजांपासून करत, त्यांतले एक हेच. कॅमेऱ्याच्या डोळ्यातही सुरमाच घातला होता म्हणायचा. पुढच्या दशकात हॉलंडच्या फिलिप्सने प्लंबिकॉन आणला. प्लंबम म्हणजे लॅटिनमध्ये शिसे. थर शिशाच्या ऑक्साइडचा, ज्याला आपले वैद्य मुरदाडशिंग म्हणत. प्लंबिकॉनने रंगीत टीव्ही व्यवहारात आणला. त्याआधी आरसीएच्या रंगीत कॅमेऱ्यात इमेज ऑर्थिकॉन नावाच्या तीन जाडजूड ट्यूब असत आणि त्यांना पुरेल इतका उजेड करताना नट घामाने निथळत. या इमेज ऑर्थिकॉनला तंत्रज्ञ लाडाने ‘इमी’ म्हणत, आणि अमेरिकी टीव्हीच्या एमी पारितोषिकाचे नाव तिथूनच आले. एका सुट्या भागाचे नाव लागलेले पारितोषिक कलाक्षेत्रात दुसरे कुठले आठवत नाही.

रंगीत कॅमेऱ्यात तीन ट्यूब का, तर आतला लोलक उजेडाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग करतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र ट्यूब लागते. तीन चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसली तरच माणूस माणसासारखा दिसतो. नाही बसली तर बाहीच्या एका कडेला लाल किनार, दुसऱ्या कडेला निळी. ती बसवण्याच्या कामाला रजिस्ट्रेशन म्हणत. कॅमेरा सुरू करून अर्धा तास तापू द्यायचा, समोर चौकटींचा तक्ता ठेवायचा, हिरवे चित्र प्रमाण धरायचे आणि लाल व निळे त्यावर सरकवत आणायचे. आधी मध्य जुळवायचा, मग आकार, मग तिरकेपणा, मग कोपरे. कोपरा जुळवावा तर मध्य हलतो. बहुरंगी छपाईत ठसे जुळवणाऱ्या माणसाला हे दुखणे लगेच कळेल. चित्रीकरणाच्या दिवशी हे करावेच लागे. कॅमेरा गाडीतून दुसरीकडे नेला की पुन्हा.

शिवाय पथ्ये होती. भिंगावर झाकण घातल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही. तोंड सरळ जमिनीकडे करून ठेवायचा नाही, कारण ट्यूबमधला एखादा सुटा कण थरावर पडला की चित्रावर कायमचा ठिपका. एकाच स्थिर, उजळ वस्तूवर फार वेळ रोखायचा नाही, नाहीतर तिची सावली थरावर बसते आणि पुढच्या दृश्यात भुतासारखी दिसत राहते. ती घालवायला कॅमेरा कोऱ्या पांढऱ्या फळ्याकडे तोंड करून कितीतरी वेळ चालू ठेवत. मोठ्या आवाजाच्या संगीतात ट्यूबची काच आणि आतली जाळी थरथरे आणि पडद्यावर आडव्या रेघा उमटत. म्हणजे ढोल चित्रातही वाजे.

भारतात टीव्ही १५ सप्टेंबर १९५९ला दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्या सुरुवातीच्या दिवसांत बीबीसीत प्रशिक्षण घेऊन आलेले पु. ल. देशपांडे तिथे होते, हे मराठी वाचकाला आठवत असेल. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला वरळीत सुरू झाले. ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’ हे कार्यक्रम आमच्या पिढीने काळेपांढरेच पाहिले. रंग आला १५ ऑगस्ट १९८२ला, आणि नोव्हेंबरातल्या एशियाडने तो घरोघरी पोचवला. त्या दिवशी कॅमेऱ्यामागच्या माणसांचे काम मात्र तिप्पट झाले. एका ट्यूबच्या जागी तीन आल्या.

१९८०च्या दशकातल्या मैफली ज्यांनी त्या पडद्यावर पाहिल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट अजून असेल. गायिका मान वळवते आणि नाकातल्या चमकीवरून उजेडाची एक बारीक रेघ निघून विरून जाते. आरतीचे तबक फिरते तेव्हा ज्योतीमागे शेपटी राहते. तंत्रज्ञ याला धूमकेतूची शेपटी म्हणत आणि ती त्यांना मुळीच आवडत नसे. उजेड इतका प्रखर असतो की झोताला तिथला भार एका फेरीत भरता येत नाही, आणि डाग मागे रेंगाळतो. फिलिप्सने ती शेपटी तोडण्यासाठी वेगळी योजना असलेल्या ट्यूब काढल्या. मंद उजेडात हलणारी माणसे धुरकट दिसत, त्यावर उपाय म्हणून ट्यूबच्या आतच एक मिणमिणता दिवा लावून थर सतत किंचित जागा ठेवत. दोष काढण्यासाठी इतक्या पिढ्यांनी डोके झिजवले आणि आज तेच दोष आपल्याला ‘जुना काळ’ म्हणून ओळखू येतात.

माझे म्हणणे एवढेच की त्यांना नुसता स्मरणरंजनाचा रंग समजू नये. चिलीचे दिग्दर्शक पाब्लो लाराईन यांना हे नेमके कळले होते. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी चिलीत पिनोचेतची सत्ता पुढे चालू ठेवावी का, यावर सार्वमत झाले. आधीचे २७ दिवस दोन्ही बाजूंना रोज टीव्हीवर पंधरा-पंधरा मिनिटे मिळाली. ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी त्या वेळात इंद्रधनुष्य, गाणी आणि विनोद आणले, आणि सुमारे ५६ टक्के मतांनी जिंकले. यावर लाराईन यांनी २०१२ साली ‘नो’ हा चित्रपट केला. मूळ जाहिराती, मोर्चे, लाठीमार यांचे खरे चित्रण त्यांना कथेत घ्यायचे होते. आजच्या स्वच्छ कॅमेऱ्याने नवे प्रसंग टिपले असते तर दर दोन मिनिटांनी प्रेक्षकाला शिवण दिसली असती. म्हणून त्यांनी १९८०च्या दशकातले इकेगामी कंपनीचे ट्यूब कॅमेरे शोधून काढले, दुरुस्त करवले आणि सगळा चित्रपट यू-मॅटिक फितीवर, जवळजवळ चौकोनी चौकटीत टिपला. खिडकीसमोर माणूस उभा राहिला की त्याच्या कडेला रंग फुटतात, उन्हाचा लोळ भिंगात शिरतो. पहिली दहा मिनिटे डोळे तक्रार करतात.

मग एक विलक्षण गोष्ट घडते. ‘नाही’च्या कार्यक्रमाचे खरे निवेदक पात्रिसिओ बान्यादोस आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले पात्रिसिओ आयल्विन चित्रपटात स्वतःच्याच भूमिकेत आहेत. नव्या चित्रणातला म्हातारा माणूस बोलायला बसतो आणि पुढच्या तुकड्यात जुन्या फितीतला तोच माणूस वीस-बावीस वर्षांनी तरुण दिसतो. दोघांवर उजेड एकाच जातीचा आहे, त्यामुळे मध्ये बदललेला असतो फक्त चेहरा. संगणकावर ‘जुनेपणा’ चढवून हे साधले असते असे मला वाटत नाही. असा मुलामा सगळ्या चौकटीवर सारखा बसतो. ट्यूबची शेपटी मात्र उजेड किती, वेग किती, झोत केवढा आणि ट्यूब किती झिजलेली, यावर ठरते. दोन दिव्यांच्या शेपट्या सारख्या नसतात.

अँड्र्यू बुजाल्स्की यांनी पुढच्याच वर्षी ‘कॉम्प्युटर चेस’ सोनीच्या जुन्या काळ्यापांढऱ्या ट्यूब कॅमेऱ्यांवर केला. बुद्धिबळ खेळणारे संगणक घेऊन हॉटेलात जमलेली माणसे, १९८०च्या आसपास. ज्या यंत्रयुगाची गोष्ट, त्याच युगाचा डोळा.

आज असा कॅमेरा हाती आलाच तर तो थेट विजेला जोडू नये. इतक्या वर्षांत आतले कपॅसिटर सुकलेले किंवा गळलेले असतात. जाणत्याकडून ते आधी बदलून घ्यावेत. ट्यूब जुन्या साठ्यांतूनच शोधाव्या लागतात आणि प्रत्येक तासाला त्या थोड्या झिजतात. चित्र चिपच्या कॅमेऱ्यासारखे करण्याच्या नादात सपाट, भरपूर उजेड टाकू नये. एक दिवा चौकटीत येऊ द्यावा, हळू हलवावा, आणि थर काय करतो ते पाहावे.

जुन्या फिती संगणकावर उतरवून घेणाऱ्यांना तर आणखी एक विनंती. सेकंदाला ५० अर्धी चित्रे असतात, ती २५ पूर्ण चित्रांत दामटली की निम्मी हालचाल कायमची जाते. वर गोंगाट काढणारी प्रणाली चालवली की चमकीवरची रेघही गोंगाट समजून पुसली जाऊ शकते. त्या काळी फिती महाग होत्या. बीबीसीसारख्या संस्थेनेही कितीतरी कार्यक्रम पुसून त्याच फिती पुन्हा वापरल्या. जे त्यातून वाचले ते आता साफसफाईत जायला नको. आधी जसे आहे तसे, अर्ध्या चित्रांसकट, शेपट्यांसकट उतरवून एक प्रत बाजूला ठेवावी. धुतलेली प्रत नंतर केव्हाही काढता येते.