चिकुनगुन्या संधिशोथ

चिकुनगुन्या संधिशोथ म्हणजे चिकुनगुन्या विषाणूच्या संसर्गामुळे सांध्यांना येणारी सूज व वेदना. हा विषाणूजन्य संधिशोथाचा एक प्रकार आहे. एडिस इजिप्ती व एडिस अल्बोपिक्टस या जातींच्या डासांच्या मादीच्या चाव्यातून विषाणूचा प्रसार होतो. ताप सहसा आठवड्याभरात उतरतो. सांधेदुखी मात्र काही रुग्णांत अनेक महिने टिकते.

इतिहास

हा रोग १९५२ मध्ये तत्कालीन टांगानिकात (सध्याचा टांझानिया) प्रथम ओळखला गेला. त्याचे नाव माकोंदे भाषेतील असून ते वेदनेने वाकलेल्या रुग्णाची अवस्था दर्शवते. भारतात १९६३ मध्ये कोलकाता येथे, तर १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे साथ आली. दीर्घ खंडानंतर २००५-०६ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत रोग पुन्हा पसरला.

लक्षणे

अचानक ताप, पुरळ व तीव्र सांधेदुखी ही प्रमुख लक्षणे आहेत. मनगटे, बोटे, घोटे व गुडघे बहुधा दोन्ही बाजूंना दुखतात आणि सकाळी आखडतात.

निदान

पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर चाचणीने रक्तातील विषाणू ओळखता येतो. त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडांची तपासणी उपयुक्त ठरते. दुखणे लांबल्यास त्याचे स्वरूप संधिवाताभ संधिशोथासारखे भासते. विषाणुसंसर्गात संधिवात घटक (आरए फॅक्टर) तात्पुरता आढळू शकतो. त्यामुळे केवळ त्या चाचणीवरून आजन्म संधिवाताचे निदान करणे योग्य नसते. सीसीपीविरोधी प्रतिपिंडांची चाचणी, सांध्यांची तपासणी व तापाचा पूर्वेतिहास यांचा एकत्रित विचार केला जातो.

उपचार

विषाणूवर थेट परिणाम करणारे मान्यताप्राप्त औषध उपलब्ध नाही. विश्रांती, भरपूर द्रवपदार्थ व पॅरासिटामॉल हे आरंभीचे उपचार होत. डेंग्यू त्याच डासांमुळे पसरतो आणि त्यात रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून डेंग्यूची शक्यता दूर होईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके टाळली जातात. दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकल्यास ते दीर्घकालीन मानले जाते. सूज कायम असलेल्या निवडक रुग्णांना संधिवाततज्ज्ञ मेथोट्रेक्सेटसारखी औषधे देतात. सांध्यांची हालचाल टिकवण्यासाठी हलका व्यायाम व भौतिकोपचार साहाय्यक ठरतात.

प्रतिबंध

एडिस डास साठलेल्या पाण्यात वाढतात व प्रामुख्याने दिवसा चावतात. टाक्या झाकणे आणि पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी ठेवणे हे मुख्य प्रतिबंधक उपाय आहेत.