पातळ पत्र्यातील दाबबद्ध बोल्ट

पातळ धातुपत्र्यात साधे, आटे नसलेले छिद्र पाडून त्यात विशिष्ट घडणीचा बोल्ट घालतात व तो दाबयंत्राखाली दाबतात. त्यामुळे छिद्राच्या कडेची धातू बोल्टाच्या मानेवरील खाचेत शिरते आणि बोल्ट पत्र्यात कायमचा पकडला जातो. अशा बोल्टास दाबबद्ध बोल्ट म्हणता येईल. कारखान्यांतून त्यास ‘क्लिंच बोल्ट’ किंवा ‘क्लिंच स्टड’ म्हणतात. त्याचे डोके पत्र्याच्या एका पृष्ठाशी समतल होते व आट्यांचा दांडा दुसऱ्या बाजूस उभा राहतो. पुढे नट आवळताना डोके मागून पकडून ठेवावे लागत नाही, हा त्याचा मुख्य गुण होय. जेथे मागील बाजूस हात किंवा पाना पोहोचत नाही अशा बंद पेट्यांच्या रचनेत तो अपरिहार्य ठरला आहे.

ज्या अडचणीतून हा बोल्ट निर्माण झाला ती पत्र्याच्या जाडीची आहे. आट्यांची पकड पक्की होण्यासाठी साधारणपणे बोल्टाच्या व्यासाइतकी जाडी आट्यांना मिळावी लागते. ५ मिमी. व्यासाच्या मेट्रिक बोल्टाच्या दोन लगतच्या आट्यांतील अंतर ०·८ मिमी. असते. म्हणजे १·५ मिमी. जाडीच्या पत्र्यात पूर्ण दोन आटेही बसत नाहीत. असा बोल्ट आवळताच आटे तुटून येतात. यास्तव पत्रा जोडण्याचा इतिहास हा बराचसा आट्यांवाचून काम कसे भागवावे याचा इतिहास आहे.

महाराष्ट्रातील तांबटांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने पूर्वीच सोडविला होता. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी व विदर्भातील भंडारा ही तांब्यापितळेच्या भांड्यांची जुनी केंद्रे होत. पत्र्याच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत अडकवावयाचे, ठोकून बसवावयाचे आणि मग झाळ द्यावयाची, अशी सांध्याची रीत होती. घंगाळाच्या कड्या मात्र रिव्हेट ठोकून बसवीत. थंड अवस्थेतच हातोड्याच्या घावाने धातू वाहती करून तिच्याकडूनच पकड घडवून घेणे हे या कामाचे मर्म होते. दाबबद्ध बोल्टाचे तत्त्वही तेच आहे. मात्र तांबटाच्या हाताला जो अंदाज असे तो येथे मापांत बांधावा लागला.

एकोणिसाव्या शतकात बाष्पित्रे (म्हणजे वाफेच्या एंजिनाचे पाणी तापविणारी पात्रे), पूल व जहाजे यांमुळे जाड पत्र्यांच्या जोडकामास प्रचंड महत्त्व आले. रिव्हेट लाल होईपर्यंत तापवून छिद्रात घालीत, एक कामगार डोक्यास आधार देई व दुसरे दोघे टोकावर घाव घालून दुसरे डोके घडवीत. निवताना रिव्हेट आकुंचन पावून पत्र्यांना घट्ट आवळी. या कामातील सततच्या आवाजाने कामगारांना येणारा बहिरेपणा वैद्यकात त्या धंद्याच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. मँचेस्टर येथे विल्यम फेअरबर्न यांच्या कारखान्यातील बाष्पित्र-कारागिरांनी संप केला, तेव्हा १८३७ च्या सुमारास फेअरबर्न यांनी रिव्हेट दाबून बसविणारे यंत्र तयार केले. घावाऐवजी दाब वापरण्याच्या दिशेने पडलेले हे मोठे पाऊल कामगार-मालक तंट्यातून पुढे आले, ही गोष्ट तंत्रविद्येच्या इतिहासात अनेकदा नजरेआड होते. जोझेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये एकस्व घेतलेल्या जलीय दाबयंत्राचा उपयोगही पुढे याच कामी झाला.

वर्धा नदीच्या खोऱ्यात हे रिव्हेटयुग कोळशाबरोबर आले. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात वरोडा येथे कोळशाची खाण सुरू झाली व घुग्घुस येथेही त्याच सुमारास कोळसा काढण्यास आरंभ झाला. त्या काळी खाणीतील पाणी उपसण्याचे व कोळसा वर ओढण्याचे काम वाफेच्या बळावर चाले आणि ही वाफ रिव्हेटांनी जोडलेल्या बाष्पित्रांत तयार होई. रिव्हेट सैल झाला आहे की नाही हे हातोडीने टिचकी मारून, निघणाऱ्या नादावरून अनुभवी माणूस ओळखीत असे. वरोड्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली. घुग्घुसचा कोळसा मात्र पुढेही निघत राहिला. या खोऱ्यात वाफेची जागा विजेने घेतली, तशी जाड पत्र्यांच्या बाष्पित्रांबरोबर पातळ पत्र्यांच्या नियंत्रणपेट्याही आल्या.

पातळ पत्र्याचा खरा प्रश्न उभा केला तो विमानांनी. दोन महायुद्धांच्या दरम्यान विमानाची कातडी ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूची झाली. तिची जाडी पुष्कळ ठिकाणी एक मिलिमीटरच्या आसपास असे. पंखांच्या पुढील कडेवर साचणारा बर्फ फोडण्यासाठी रबरी पट्टे बसवावे लागत. पण पंखाची आतील बाजू बंद असल्याने तेथे नट धरता येत नसे. यासाठी अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच या कंपनीने १९३०–४० या दशकात आतून आटे असलेला पोकळ रिव्हेट काढला. तो एकाच बाजूने घालून ओढला की मागे फुगून पकडला जाई. दुसरा उपाय म्हणजे नटाच्या दोन कानांना दोन लहान रिव्हेट मारून तो पत्र्यावर बसविणे. विमानविद्येत ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ मध्ये मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी स्थापन झालेल्या हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यामुळे पातळ पत्र्याच्या अशा काटेकोर जोडकामाची परंपरा महाराष्ट्रातही रुजली. तथापि एका नटासाठी तीन छिद्रे व दोन रिव्हेट हा खर्च मोठा होता, आणि प्रत्येक जादा छिद्र पत्र्यास दुबळे करते ते वेगळेच.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात के. ए. स्वॉनस्ट्रॉम यांनी १९४२ मध्ये पेन एंजिनिअरिंग ही कंपनी स्थापन करून एकाच छिद्रात दाबून बसणारा नट प्रचारात आणला. कंपनीच्या व्यापारी नावावरून अशा नटास अनेक ठिकाणी ‘पेम नट’ असेच म्हणतात. याच तत्त्वावर पुढे बोल्ट तयार झाले. युद्धकाळातील विद्युत् व रेडिओ उपकरणांना पत्र्याच्या हलक्या पेट्या लागत. युद्धानंतर दूरध्वनी केंद्रे, संगणक व मोटारगाड्या यांनी या बंधकांची मागणी वाढविली.

रचना : दाबबद्ध बोल्टाच्या डोक्याखाली उभ्या कंगोऱ्यांची एक माळ असते व तिच्यालगत मानेभोवती एक वलयाकार खाच असते. या दोहोंची कामे वेगळी आहेत. कंगोरे पत्र्यात रुततात व नट आवळताना बोल्टास फिरू देत नाहीत. खाचेत शिरलेली धातू त्यास मागे निसटू देत नाही. डोक्यामुळे दाबली जाणारी धातू व खाचेत मावणारी धातू यांचे आकारमान जुळविणे हे अभिकल्पकाचे मुख्य काम होय. खाच मोठी ठेवली तर ती भरत नाही व बोल्ट खुळखुळतो. लहान ठेवली तर जादा धातूस वाट मिळत नाही आणि पत्रा फुगतो किंवा वाकतो.

बोल्ट पत्र्यापेक्षा स्पष्टपणे कठीण असला पाहिजे, अन्यथा पत्र्याऐवजी बोल्टाचेच कंगोरे चेपतात. ॲल्युमिनियम व मऊ पोलाद यांच्या बाबतीत उष्णता-संस्कार केलेले साधे पोलादी बोल्ट पुरतात. अगंज पोलादाच्या पत्र्यात मात्र नेहमीच्या अगंज पोलादाचा बोल्ट बसत नाही, कारण दोघांची कठिनता जवळजवळ सारखी असते; त्यासाठी अवक्षेपणाने कठीण केलेल्या विशेष अगंज पोलादाचे बोल्ट काढावे लागले. पत्र्याची किमान जाडी सामान्यतः १ मिमी. धरतात. छिद्र ठरलेल्या मापापेक्षा लहान चालत नाही आणि सु. ०·०८ मिमी.हून अधिक मोठेही चालत नाही. ही मर्यादा माणसाच्या केसाच्या जाडीइतकी आहे.

या कामात चांगल्या कारागिराच्या काही सवयीच घातक ठरतात. छिद्र पाडल्यावर त्याची कड कानशीने किंवा मोठ्या ड्रिलाने साफ करणे हे एरवी नीटनेटक्या कामाचे लक्षण मानले जाते. येथे मात्र कड तासली की खाच भरण्यास लागणारी धातूच नाहीशी होते. तसेच बोल्ट हातोडीने ठोकून बसविता येत नाही. घाव क्षणिक असल्याने धातूस वाहण्यास अवधी मिळत नाही आणि बोल्ट तिरका जातो. दोन समांतर पृष्ठांमध्ये सावकाश, सारखा दाब द्यावा लागतो. बोल्टाचा व्यास व पत्र्याची धातू यांनुसार हा दाब काही किलोन्यूटनांपासून काही दहा किलोन्यूटनांपर्यंत असतो. छिद्र पत्र्याच्या कडेला फार जवळ असेल तर पत्रा बाहेर फुगतो.

आणखी एक दोष जोडणीच्या वेळी उद्‌भवतो. बोल्टावर बसवावयाच्या दुसऱ्या पत्र्याचे छिद्र ऐसपैस ठेवले, तर नट आवळताना बोल्टाच्या भोवतालच्या पत्र्यास आधार राहत नाही आणि बोल्ट आपल्याच पत्र्यातून खेचून बाहेर येतो. जोडणी करणारा अशा वेळी बोल्टास दोष देतो. दोष वस्तुतः समोरच्या छिद्राचा असतो.

बसविलेल्या बोल्टाच्या तीन चाचण्या घेतात : तो मागे ढकलून काढण्यास लागणारा जोर, तो पत्र्यात फिरविण्यास लागणारे परिबल आणि नटाच्या ओढीने तो पत्र्यातून ओढून काढण्यास लागणारा जोर. या तिन्ही चाचण्यांत नमुना नष्ट होतो. रिव्हेटाचा नाद ऐकून जसा निर्वाळा देता येई तसा येथे देता येत नाही. नीट बसलेला व छिद्र मोठे झाल्याने अर्धवट पकडलेला हे दोन्ही बोल्ट वरून सारखेच दिसतात. म्हणून छिद्र पाडणाऱ्या पंचाची झीज वेळोवेळी मोजणे हीच या पद्धतीतील प्रमुख दक्षता होय. हे काम कंटाळवाणे असल्याने त्याची हेळसांड होते.

दाबबद्ध बोल्टाचा प्रतिस्पर्धी म्हणजे विद्युत् प्रज्योतीने पत्र्यावर वितळजोड केलेला बोल्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या गोद्यांत त्याचा प्रसार झाला. त्यास छिद्रच लागत नाही व जाड पत्र्यावर तो श्रेष्ठ ठरतो. परंतु उष्णतेने पातळ पत्रा सुरकुततो, जस्ताचा मुलामा जळतो आणि मागच्या बाजूस डाग उमटतो. मुलामा दिलेल्या किंवा ॲल्युमिनियमाच्या पातळ पत्र्यासाठी दाबबद्ध बोल्टच अधिक सोयीचा पडतो.

महाराष्ट्रात पत्राकामाचा उद्योग मुंबई परिसरात प्रथम वाढला. गोदरेज यांच्या तिजोऱ्या व कपाटे आणि १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळी येथे लाखोंच्या संख्येने तयार झालेल्या पोलादी मतपेट्या ही त्याची परिचित उदाहरणे. पुढे पवई, नाशिक, पुणे व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे विद्युत् उपकरणांचे कारखाने उभे राहिले. १·६ किंवा २ मिमी. जाडीच्या पोलादी पत्र्याच्या नियंत्रणपेट्यांमध्ये भूयोजनाची तार, बिजागऱ्या व उपकरणांचे पट्टे बसविण्यासाठी अशा बोल्टांची गरज भासते.

चंद्रपूर जिल्ह्यात अशा पेट्यांची कसोटी लागते. घुग्घुस परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्‌सच्या कोळसाखाणी, सिमेंटचा कारखाना व स्पंज लोखंडाचा कारखाना हे उद्योग एकमेकांच्या जवळ आहेत, तर चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. दगड-कोळसा फोडणाऱ्या यंत्रांच्या व हलत्या चाळण्यांच्या कंपनांनी बंधक सैल होतात. बारीक धूळ प्रत्येक फटीतून पेटीत शिरते. नीट बसलेल्या दाबबद्ध बोल्टाभोवती फट राहत नाही व त्याचे डोके धूळ साचण्यास उंचवटा ठेवत नाही. उलट अर्धवट बसलेला भूयोजनाचा बोल्ट फिरू लागला, तर नट आवळलाही जात नाही आणि सोडविताही येत नाही; पेटीला मिळणारे विजेपासूनचे संरक्षण तेवढ्याने खंडित होऊ शकते. ज्वालाग्राही वायू असलेल्या भूमिगत खाणींतील ज्वालारोधी पेट्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या जाड भिंतींच्या असतात, त्यांचे बोल्ट भिंतीच्या जाडीतच आटे पाडून बसवितात आणि तेथे पातळ पत्र्याच्या पेट्या चालत नाहीत.

निकामी झालेला दाबबद्ध बोल्ट काढावयाचा झाल्यास तो दाबून बाहेर काढतात किंवा ड्रिलाने कोरतात. त्या छिद्राची कड एकदा वाहून गेलेली असल्याने त्याच मापाचा दुसरा बोल्ट तेथे धरत नाही. छिद्र वाढवून पुढच्या मापाचा बोल्ट दाबावा लागतो, आणि तेवढी जागा नसेल तर पत्राच बदलावा लागतो.