सायनस उत्थापन शस्त्रक्रिया

सायनस उत्थापन शस्त्रक्रिया ही वरच्या जबड्याच्या मागील भागात दंतरोपणासाठी पुरेसे हाड उपलब्ध व्हावे म्हणून केली जाणारी मौखिक शस्त्रक्रिया होय. दंतवैद्यकाच्या व्यवहारात ती ‘सायनस लिफ्ट’ या नावाने ओळखली जाते. वरच्या जबड्याच्या हाडात, गालाच्या मागे असलेल्या पोकळीच्या तळाचे श्लेष्मल आवरण या शस्त्रक्रियेत न फाडता वर उचलतात आणि त्याखाली निर्माण झालेल्या जागेत बहुधा अस्थिकलम भरतात. काही महिन्यांत तेथे नवे हाड तयार होते व त्यात टायटॅनियमचे कृत्रिम मूळ, म्हणजे इम्प्लांट, बसविता येते.

शस्त्रक्रियेमागील कल्पना सोपी असली तरी तिचे यश एक मिलिमीटरहूनही पातळ असू शकणाऱ्या आवरणाच्या हाताळणीवर अवलंबून असते. त्यामुळे ही शस्त्रक्रिया कोणी, कशी व किती शिकून करावी, हा दंतशिक्षणातील महत्त्वाचा विषय मानला जातो.

शरीररचना

मानवी चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या अनेक पोकळ्या असतात. त्यांपैकी वरच्या जबड्यातील पोकळी आकाराने सर्वांत मोठी असून प्रौढ व्यक्तीत तिचे घनफळ साधारणपणे १५ मिलिलिटर असते. इंग्रज वैद्य नॅथॅनिएल हायमोर याने १६५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले. त्यावरून तिला ‘हायमोरची पोकळी’ असेही म्हणतात. पोकळीच्या आतील आवरणास सतराव्या शतकातील जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कॉनराड व्हिक्टर श्नायडर याच्या नावावरून ‘श्नायडरचे आवरण’ म्हणतात. या आवरणावरील सूक्ष्म रोम सतत हालत राहून श्लेष्मा पोकळीच्या द्वाराकडे ढकलतात. हे द्वार तळाशी नसून वरच्या बाजूस असते व नाकात उघडते. म्हणूनच कलम भरताना ते प्रमाणाबाहेर भरून या द्वाराचा मार्ग अडणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते.

वरच्या दाढांची मुळे या पोकळीच्या तळाला अगदी लागून असतात. दाढा काढल्यावर दोन्ही बाजूंनी हाड घटते. तोंडाच्या बाजूने दात धरून ठेवणारे हाड झिजते आणि वरून पोकळी हळूहळू खाली विस्तारते. अनेक वर्षांपूर्वी दाढा गेलेल्या रुग्णात या दोहोंमध्ये दोन-तीन मिलिमीटर हाडच शिल्लक राहिलेले आढळू शकते. शिवाय या भागातील हाड जबड्याच्या इतर भागांच्या तुलनेत मऊ व सच्छिद्र असते. हिरड्यांचे दुर्लक्षित आजार हे दाढा गमावण्याचे एक प्रमुख कारण आहे. महाराष्ट्रात तंबाखू भाजून केलेल्या मिसरीने दात घासण्याची जुनी सवय अनेक घरांत आहे; तंबाखूच्या अशा सेवनानेही हिरड्यांची हानी होते.

इतिहास

या पोकळीत तोंडाच्या बाजूने प्रवेश करण्याची रीत दंतरोपणाहून जुनी आहे. अमेरिकेतील जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये व फ्रान्समधील आंरी ल्यूक यांनी १८९७ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पोकळीतील जंतुसंसर्गावर उपचार करण्यासाठी ओठाच्या आतील बाजूने हाडाला खिडकी पाडण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. आजची बाजूची पद्धत याच मार्गाचे सुधारित रूप आहे.

आधुनिक दंतरोपणाचा पाया स्वीडिश संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी घातला. टायटॅनियम व जिवंत हाड यांचा घट्ट सांधा जमतो, हे त्यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर असे रोपण केले. मात्र वरच्या जबड्याचा मागील भाग हाडाच्या अभावी अवघडच राहिला. अमेरिकन दंतवैद्य हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात पोकळीचा तळ उचलण्याची पद्धत विकसित केली. फिलिप बॉइन व रॉबर्ट जेम्स यांनी १९८० साली या विषयावरील पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. टेटम यांचे लेखन १९८६ मध्ये आले. रॉबर्ट समर्स यांनी १९९४ मध्ये दाताच्या जागेतूनच तळ उचलण्याची कमी छेदाची पद्धत मांडली. १९९६ मध्ये अमेरिकेत भरलेल्या तज्ज्ञपरिषदेने उपलब्ध पुराव्यांच्या आधारे ही शस्त्रक्रिया परिणामकारक असल्याचा निर्वाळा दिला. २००१ मध्ये इटलीतील तोमासो व्हेर्चेलोत्ती यांनी स्वनातीत कंपनांवर चालणारे उपकरण यासाठी वापरले. ते हाड कापते, परंतु मऊ ऊतींना त्यापासून इजा होण्याचा संभव कमी असतो.

पद्धती

बाजूची पद्धत: हिरडी बाजूला सारून जबड्याच्या गालाकडील भिंतीत हाडाची छोटी खिडकी पाडतात. तेथून आवरण हळूहळू सोडवून वर उचलतात, खालच्या जागेत कलम भरतात व हिरडी शिवतात. शिल्लक हाड साधारणपणे पाच मिलिमीटरहून कमी असल्यास ही पद्धत निवडली जाते. इम्प्लांटला प्रारंभीच पक्का आधार मिळत असेल, तर ते त्याच वेळी बसवतात. अन्यथा सुमारे सहा ते नऊ महिने थांबून दुसऱ्या टप्प्यात बसवतात.

दाताच्या जागेतून जाणारी पद्धत: इम्प्लांटसाठी पाडलेल्या छिद्रातूनच, तळाचे शेवटचे एक-दोन मिलिमीटर हाड विशिष्ट दंडाकृती हत्याराने हलके ठोकून आवरणासह वर सरकवतात. हाड पाच मिलिमीटर वा त्याहून अधिक असून थोडीच उंची वाढवायची असल्यास ही पद्धत योग्य ठरते. रुग्णाला हिचा त्रास कमी होतो. तथापि शल्यविशारदाला आवरण प्रत्यक्ष दिसत नसल्याने ते फाटल्याचे ध्यानात न येण्याचा धोका असतो. त्यामुळे ‘लहान छेद म्हणजे सोपी शस्त्रक्रिया’ हे समीकरण येथे लागू पडत नाही.

अस्थिकलमाचे प्रकार

कलम रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचे, मानवी दात्याच्या प्रक्रिया केलेल्या हाडाचे, प्राण्याच्या हाडाचे किंवा कृत्रिम कॅल्शियम संयुगांचे असू शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ऊतिपेढी १९८८ पासून कार्यरत असून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले मानवी अस्थिकलम तेथे तयार होते. प्राणिजन्य कलमांपैकी बहुतेक गोवंशाच्या हाडांपासून बनतात, तर आवरणाच्या संरक्षणासाठी वापरली जाणारी कोलॅजनची पटले गाय अथवा डुक्कर यांच्यापासून मिळवलेली असतात. धार्मिक श्रद्धा वा आहारविषयक व्रत पाळणाऱ्या रुग्णास ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच देणे आवश्यक असते. कृत्रिम व मानवी कलमांचा पर्याय उपलब्ध असल्याने निवडीचा हक्क रुग्णाकडे राहू शकतो.

प्रशिक्षण

भारतातील एम. डी. एस. या पदव्युत्तर पदवीच्या नऊ शाखा आहेत. त्यांत दंतरोपण ही स्वतंत्र शाखा नाही. हा विषय प्रामुख्याने कृत्रिम दंतशास्त्र, हिरडीविज्ञान आणि मुख व जबडा शल्यचिकित्सा या तीन शाखांमध्ये विभागून शिकवला जातो. बी. डी. एस. झालेले दंतवैद्य अल्पमुदतीच्या कार्यशाळांतूनही ही शस्त्रक्रिया शिकतात. कार्यशाळेच्या प्रमाणपत्राने विशेषज्ञाची पदवी प्राप्त होत नाही.

शिक्षणाचे टप्पे सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात.

१. प्रतिमावाचन: कोन बीम सी. टी. या त्रिमितीय क्ष-किरण तपासणीतून हाडाची उंची, आवरणाची जाडी, पोकळीतील हाडाचे पडदे व भिंतीतून जाणारी रोहिणी ओळखण्यास शिकणे. आर्थर अंडरवुड यांनी १९१० मध्ये वर्णिलेले हे पडदे अनेक रुग्णांत आढळतात आणि आवरण सोडवताना अडथळा आणतात.

२. प्रतिकृतींवरील सराव: कच्च्या अंड्याच्या कवचाला हिऱ्याच्या कणांच्या बरने खिडकी पाडून आतील पापुद्रा न फाडता सोडवणे, हा जगभर रूढ असलेला प्राथमिक सराव होय. त्यातून हाताच्या दाबाचे भान येते. मात्र अंड्याच्या पापुद्र्याला रक्तपुरवठा नसतो व त्यात पडदेही नसतात. म्हणून पुढे शेळी-मेंढीचे डोके, त्रिमितीय छपाईचे नमुने व शक्य तेथे मृतदेहावरील विच्छेदन यांचा उपयोग करतात.

३. साहाय्य: अनुभवी शल्यविशारदाच्या अनेक शस्त्रक्रियांत साहाय्यक म्हणून उभे राहणे. हिरडी धरून ठेवणे व रक्त शोषून घेणे ही कामे करता करता शिकाऊ दंतवैद्य निर्णय कोणत्या क्षणी व कशामुळे बदलतो, हे पाहतो.

४. देखरेखीखालील शस्त्रक्रिया: रुंद पोकळी, पडद्यांचा अभाव व निरोगी आवरण असलेले रुग्ण प्रथम निवडणे.

५. गुंतागुंतीचे व्यवस्थापन: फाटलेले आवरण ओळखणे, छोटे छिद्र कोलॅजनच्या पटलाने झाकणे, रक्तस्राव थांबवणे आणि मोठे छिद्र पडल्यास शस्त्रक्रिया तेथेच थांबवून जखम भरू देणे.

पाचवा टप्पा हा या शिक्षणाचा कणा होय. आवरण उचलण्याची क्रिया काही दिवसांत हाताला साधू शकते. ते फाटल्यावर मागे कधी फिरावे, याची जाण मात्र अनेक रुग्ण पाहिल्याविना येत नाही. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाविषयीचा मुख्य आक्षेप येथेच आहे. कार्यशाळेत यशस्वी शस्त्रक्रिया दाखविली जाते, पण सहा महिन्यांनी परत आलेला रुग्ण शिकणाऱ्याला दिसत नाही. दुसरीकडे, खासगी व्यवसाय करणाऱ्या दंतवैद्याला पुन्हा तीन वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण घेणे सहसा शक्य नसते, ही कार्यशाळांची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. कार्यशाळेनंतर ज्येष्ठ सहकाऱ्याच्या देखरेखीत काम सुरू ठेवणे, हा या दोहोंमधील व्यवहार्य मार्ग ठरतो.

पनवेल परिसरातील दंतशिक्षण

रायगड जिल्ह्यातील पनवेल हे १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका क्षेत्र आहे. या क्षेत्रात कामोठे येथे महात्मा गांधी मिशनचे, तर खारघर येथे भारती विद्यापीठाचे व येरळा मेडिकल ट्रस्टचे अशी दंत महाविद्यालये आहेत. लगतच्या नेरूळमध्ये डॉ. डी. वाय. पाटील व तेरणा या संस्थांची दंत महाविद्यालये आहेत. मुंबईबाहेर इतक्या जवळजवळ वसलेली दंत महाविद्यालये थोड्याच ठिकाणी आढळतात.

महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय हे शस्त्रक्रियेच्या शिक्षणाचे स्वाभाविक स्थान होय. तेथे रुग्णाची तपासणी, शस्त्रक्रिया व पुढील पाठपुरावा एकाच छत्राखाली होऊ शकतो आणि विद्यार्थ्याला आपल्या कामाचा परिणाम दीर्घकाळ पाहता येतो. पनवेल, उरण, पेण व कर्जत या तालुक्यांतील रुग्णांना अशी रुग्णालये मुंबईपेक्षा जवळ पडतात. शिकाऊ दंतवैद्याकडून देखरेखीखाली उपचार होणार असल्यास तसे रुग्णाला स्पष्ट सांगणे, ही शिक्षणसंस्थेची नैतिक जबाबदारी मानली जाते.

धोके व निषिद्ध परिस्थिती

आवरण फाटणे ही सर्वांत अधिक आढळणारी गुंतागुंत आहे. याखेरीज रक्तस्राव, पोकळीचा जंतुसंसर्ग, कलम वाया जाणे आणि इम्प्लांट पोकळीत सरकणे हे धोके असतात. सरकलेले इम्प्लांट काढण्यासाठी मुखशल्यविशारद अथवा कान-नाक-घसातज्ज्ञ यांची मदत घ्यावी लागते. पोकळीचा सक्रिय आजार, अनियंत्रित मधुमेह, अतिधूम्रपान, डोके व मान या भागांवर झालेले किरणोपचार, तसेच कर्करोगासाठी शिरेतून दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट औषधे असताना ही शस्त्रक्रिया टाळतात किंवा पुढे ढकलतात.

पर्याय

हाड कमी असलेल्या प्रत्येक रुग्णाला ही शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. कमी लांबीचे इम्प्लांट, पोकळी टाळून तिरके बसवलेले इम्प्लांट, शेजारच्या दातांच्या आधारावरील ब्रिज आणि काढता-घालता येणारी कवळी हे पर्याय आहेत. जबड्याचे हाड अत्यल्प असल्यास गालाच्या हाडात रोवले जाणारे लांब इम्प्लांटही वापरतात. तथापि ते विशेषज्ञाचे काम आहे. शेवटची एखादी दाढ न बसवता सोडून देणे, हाही काही रुग्णांसाठी योग्य निर्णय ठरू शकतो.

संमती व शस्त्रक्रियेनंतरची काळजी

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाच्या संमतीविषयी तत्त्वे घालून दिली. उपचाराचे स्वरूप, पर्याय व मोठे धोके यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच ग्राह्य धरली जाते. त्यानुसार सायनस उत्थापनापूर्वी कलमाचा उगम, एकूण कालावधी, खर्च, उपलब्ध पर्याय आणि आवरण फाटल्यास शस्त्रक्रिया अर्धवट थांबवावी लागण्याची शक्यता, या बाबी रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे अपेक्षित असते. दंतवैद्याचे या शस्त्रक्रियेतील शिक्षण व अनुभव यांविषयी विचारणा करण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे नाक जोरात शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवून शिंकावे आणि नळीने पेय ओढून पिऊ नये. अन्यथा पोकळीतील दाबामुळे कलम हलू शकते. पोहणे व विमानप्रवास यांबाबत दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. पहिले एक-दोन दिवस नाकातून थोडे रक्त येऊ शकते. वाढती सूज, ताप, नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव किंवा कलमाचे कण बाहेर येणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित तपासणी आवश्यक ठरते.