स्पंजाची दंतकथा आणि रबराची परीक्षा

टेबल टेनिस खेळणाऱ्यांमध्ये एक समजूत इतकी खोल रुजली आहे, की तिच्याबद्दल कोणी प्रश्नच विचारत नाही. चांगलं रबर म्हणजे वेगवान रबर, वेगवान म्हणजे महाग, आणि महाग रबर लावलं की खेळ आपोआप वर चढतो. पाकिटावर छापलेले वेगाचे आणि फिरकीचे आकडे, विजेत्याच्या बॅटवरचं नाव आणि चार दिवस खेळून पाहिलेल्या कुणाची तरी ग्वाही, एवढ्यावर खरेदी ठरते. इतिहासातला दाखला मागितला तर १९५२ सालच्या मुंबईकडे बोट दाखवलं जातं. हा दाखला आणि त्यावर उभी राहिलेली खरेदीची रीत, दोन्ही मला चुकीची वाटतात. मात्र खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा झाली. आशियात भरलेली ती पहिलीच. त्या काळी बहुतेक खेळाडू लाकडावर दाणेदार पातळ रबर चिकटवून खेळत. चेंडू लागला की ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येई आणि समोरचा खेळाडू डोळ्यांइतकाच त्या आवाजावर विसंबून फटक्याचा जोर ओळखे. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. चेंडू त्या स्पंजात रुतायचा आणि जवळजवळ आवाज न करता बाहेर पडायचा. १९४९ ची ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकलेला अमेरिकेचा मार्टी रीझमन त्याच्यापुढे हरला. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोत्सियान हरला. पुढे १९५४ ते १९५७ या चार जागतिक स्पर्धांचं पुरुष एकेरीचं विजेतेपद ओगिमुरा आणि तानाका या दोन जपान्यांनीच वाटून घेतलं. अखेर १९५९ मध्ये जागतिक महासंघाला नियम करावा लागला: नुसता स्पंज चालणार नाही, स्पंजावर रबर हवं आणि गोंदासकट दोन्हींची जाडी ४ मिलिमीटरच्या आत हवी. पूर्वपक्ष म्हणतो, याहून मोठा पुरावा कोणता? रबराने जग जिंकलं.

आपल्या तर्कशास्त्रात कारण सिद्ध करायला अन्वय आणि व्यतिरेक असे दोन्ही लागतात. जिथे हे आहे तिथे ते आहे, हा अन्वय. जिथे हे नाही तिथे तेही नाही, हा व्यतिरेक. मुंबईच्या दाखल्यात अन्वय आहे, व्यतिरेक नाही. त्याच स्पर्धेत पुरुषांचा सांघिक स्वेथलिंग चषक हंगेरीने नेला, तोही जुन्या दाणेदार रबरावर. महिला एकेरी रुमानियाच्या अँजेलिका रोझेनूने जिंकली. तिच्या सलग सहा विजेतेपदांतलं हे तिसरं. मिश्र दुहेरीतही हंगेरीच्या फेरेंत्स शिडोबरोबर तीच विजयी झाली. पुढच्या वर्षी बुखारेस्टमध्ये पुरुष एकेरी शिडोने जिंकली. त्या स्पर्धेला जपान नव्हता. आणि सातो? तो पुन्हा कधीही जगज्जेता झाला नाही. स्पंज हेच पुरेसं कारण असतं, तर तो स्पंज त्याच्याच हातात पुढेही होता.

मुंबईत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या: बॅट वेगळी होती आणि ती बॅट बहुतेक प्रतिस्पर्ध्यांना अनोळखी होती. सातो जिंकला तो स्पंजाच्या गुणामुळे की समोरच्याच्या अनोळखीपणामुळे, हे त्या स्पर्धेवरून सांगताच येत नाही. स्पंजाने खेळ बदलला, हे मला मान्य आहे. ओगिमुरा आणि तानाकाने ते दाखवून दिलं. पण त्यांनी स्पंजाला साजेसा पायांचा वेग आणि आक्रमण बसवलं होतं. रबराने फरक पडतो, हे विधान खरं आहे. म्हणून अमुक रबर तमुकापेक्षा श्रेष्ठ, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि बाजारात नेमका तोच काढला जातो.

आता पाकिटावरचे आकडे. जपानी बटरफ्लाय कंपनी आपल्या टेनर्जी ०५ या रबराचा वेग १३ आणि फिरकी ११.५ सांगते. दुसऱ्या कंपनीची मोजपट्टी दहावर संपते, तिसरीची शंभराच्या पुढे जाते. प्रत्येकीची पट्टी तिच्या घरची. एकाच कंपनीच्या दोन रबरांत ते आकडे थोडीफार दिशा दाखवतात. दोन कंपन्यांमध्ये काहीच दाखवत नाहीत. स्पंजाच्या कडकपणाचे अंश तर सरळ फसवतात. चीनच्या डीएचएसचा ३९ अंशांचा स्पंज हाताला जर्मन ४७ अंशांच्या स्पंजापेक्षा कडक लागतो, कारण मोजायची पद्धतच वेगळी. जर्मनीतल्या होफहाइम गावातली ईएसएन ही एकच कंपनी कितीतरी नामांकित ब्रँडना रबर पुरवते. ब्रँडनिष्ठेने भांडणारे दोघे एकाच कारखान्याच्या मालावरून भांडत असणं सहज शक्य आहे. रबरावरचा जागतिक महासंघाचा शिक्काही गुणवत्तेचा नव्हे. जाडी, दाण्यांची ठेवण, घर्षण नियमात बसतं, एवढंच तो सांगतो.

विजेत्याच्या बॅटचा आधार याहून कच्चा. डीएचएसच्या हरिकेन ३ या रबराचं नाव दुकानातल्या साध्या पाकिटावरही असतं आणि चीनच्या राष्ट्रीय संघासाठी निवडून काढलेल्या रबरावरही. नाव एक, माल वेगळा. आणि वेगाच्या शिडीवर श्रेष्ठत्व मोजणाऱ्यांनी आपल्याच खेळाडूंकडे पाहावं. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्राने एकेरीचं सुवर्ण जिंकलं. मनिकाच्या बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानला जागतिक सांघिक स्पर्धेत अयहिका मुखर्जीने चीनच्या सुन यिंगशाला हरवलं. अयहिकाच्या बॅटवर एका बाजूला अँटीस्पिन रबर होतं. पाकिटावरच्या आकड्यांच्या हिशेबात ही दोन्ही रबरं तळाला बसतील. म्हणून उद्या सगळ्यांनी अँटीस्पिन लावावं, असा निष्कर्ष कोणी काढला तर तोही तितकाच चूक ठरेल.

राहिली ग्वाही. इथे काळ आडवा येतो. २००० साली चेंडू ३८ चा ४० मिलिमीटर झाला, २००८ मध्ये वेग वाढवणारा द्रावकयुक्त गोंद बंद झाला, २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचा चेंडू आला. प्लॅस्टिकच्या चेंडूला फिरकी कमी लागते. २०१० साली एखाद्या जाणकाराने मनापासून लिहिलेलं मत आजच्या चेंडूवर तसंच लागू पडेल, असं धरता येत नाही. शिवाय ग्वाही देणाऱ्याने बहुतेक वेळा जुनं झिजलेलं रबर काढून नवं कोरं लावलेलं असतं. नव्याने झिजलेल्याला हरवलं, एवढंच त्याने सिद्ध केलं. तेच जुनं रबर त्याच नावाचं नवं आणून लावलं असतं, तरी त्याला खेळ उजळल्यासारखा वाटला असता.

इथे दुसरा पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो पहिल्याहून हुशार आहे. तो म्हणतो: आकडे खोटे, विजेते वेगळे, ग्वाही अपुरी, हे सगळं कबूल, मग तुलना होऊच शकत नाही. रबर हा हाताचा मामला आहे, ज्याला जे ‘लागतं’ ते त्याचं. चांगले प्रशिक्षकही असं म्हणतात, म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं. चेंडू रबराला साधारण एक सहस्रांश सेकंदच टेकतो. हाताला काही जाणवेपर्यंत तो केव्हाच निघून गेलेला असतो. आपण ज्याला ‘फील’ म्हणतो, त्यात लाकडातून येणारी कंपनं असतात, आवाज असतो, बॅटचं वजन असतं, आणि खर्च केलेल्या पैशांची आशाही असते. फील खोटा नाही. पण तो फक्त रबराचा नसतो, म्हणून रबराची परीक्षा त्याच्या एकट्याच्या हाती सोपवता येत नाही.

मग परीक्षा करायची कशी? हा प्रश्न मला वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावातून विचारावासा वाटतो. मुंबई-पुण्याचा खेळाडू चार मित्रांच्या बॅटी हाताळून पाहतो, चुकलं तर दुसरं रबर आणतो. इंझोरीतल्या मुलाला मात्र न पाहिलेली वस्तू घरपोच मागवावी लागते आणि त्याची चूक वर्षभर बॅटवर चिकटलेली राहते. तुलनेची खरी गरज त्याला आहे. आणि निष्पक्ष तुलनेची रीत त्याच्या घरातच आहे. सोयाबीनचे दोन वाण ताडून पाहणारा शेतकरी एक वाण काळ्या कसदार रानात आणि दुसरा मुरमाड रानात पेरून निकाल देत नाही. एकच रान, एकच पेरणी, एकच खत. बदलतं ते फक्त बियाणं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांच्या चाचण्यांत तर एकेक वाण अनेक तुकड्यांत पुन्हा पुन्हा पेरतात, म्हणजे जमिनीचा कस कोणा एकाच्याच पदरात पडू नये. संख्याशास्त्रातली प्रयोगरचना अशाच शेतातून वाढली. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाला आणि तिथल्या पिकांच्या प्रयोगांतूनच त्याने तुकडे, पुनरावृत्ती आणि चिठ्ठी टाकून वाटणी ही रीत घडवली.

टेबलावर ही रीत आणणं अवघड नाही. दोन्ही रबरं एकाच ब्लेडवर, म्हणजे बॅटच्या लाकडावर, लावावीत, एक या बाजूला आणि दुसरं त्या बाजूला. मग एका रबराने फोरहँड खेळावा, बॅट फिरवावी, दुसऱ्याने फोरहँड खेळावा. ब्लेड तेच, वजन तेच, तोल तोच, हात तोच, दिवसही तोच. पावसाळ्यात विदर्भातल्या दमट हॉलमध्ये चिकट रबर घसरतं. पण तो दमटपणा आज दोन्ही रबरांना सारखाच लागेल. एक रबर सोमवारी आणि दुसरं शुक्रवारी तपासणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. स्पंजाची जाडी मात्र सारखी हवी, १.८ मिलिमीटरची २.१ शी तुलना ही जाडीची तुलना होते, रबराची नाही. दोन्ही नवी हवीत किंवा दोन्ही सारखी वापरलेली. चेंडू एकाच बनावटीचे. दोन बाजूंचे रंग वेगळे हवेत हा सामन्यांचा नियम सरावात आड येत नाही, म्हणून शक्य असेल तर दोन्ही काळी घ्यावीत, नावावर पट्टी चिकटवावी, आणि कोणतं कुठे आहे हे तिसऱ्या माणसालाच ठाऊक असावं.

मोजायचं काय? रबराचा वेग मुळीच नाही. बॅट आडवी ठेवून वरून चेंडू टाकायचा आणि उसळी बघायची, ही लोकप्रिय चाचणी टेबलासाठी ठीक आहे. नियमही सांगतो की ३० सेंटीमीटरवरून टाकलेला चेंडू टेबलावर सुमारे २३ सेंटीमीटर उसळावा. पण तेवढ्या उंचीवरून पडणारा चेंडू सेकंदाला जेमतेम अडीच मीटरचा वेग घेतो. जोरदार लूपमध्ये बॅट आणि चेंडू याच्या कितीतरी पट वेगाने भिडतात. कडक स्पंज हलक्या स्पर्शाला निजलेला असतो आणि पूर्ण फटक्याला जागा होतो. मऊ स्पंज हलक्या स्पर्शाला चपळ असतो आणि जोरात मारलं की तळाला टेकतो. उसळीची चाचणी कडक रबराला नापास करून मोकळी होईल. म्हणून आपले फटके मोजावेत. पुश केलेल्या चेंडूवर लूप मारला, तर किती टेबलाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात पडले? वेगवान टॉपस्पिनवर ब्लॉक किती टिकले? आखूड सर्व्हिस परतवताना किती चेंडू आखूड राहिले? हा तिसरा आकडा मी सगळ्यात मोलाचा मानतो, कारण महागडी वेगवान रबरं घेणारे नवखे खेळाडू इथेच गुण गमावतात आणि दोष सर्व्हिसला देतात.

क्रमही महत्त्वाचा. आधी एकाचे पन्नास आणि मग दुसऱ्याचे पन्नास असं केलं, तर दुसऱ्याला तापलेला हात मिळतो किंवा थकलेला. दहा-दहाचे तुकडे करावेत आणि कोणतं आधी हे प्रत्येक वेळी नाणं उडवून ठरवावं. पन्नासांत एकाचे ३१ आणि दुसऱ्याचे २८ पडले, तर त्याला फरक म्हणू नये. एकाच रबराने दोनदा पन्नास खेळलं तरी एवढं अंतर पडतं. ३८ आणि २४ पडले तर मात्र ऐकावं. फिशरने १९३५ च्या आपल्या प्रयोगरचनेच्या पुस्तकात चहाच्या आठ कपांचा दाखला घेतला होता: चार कपांत दूध आधी, चारांत चहा आधी. चवीवरून चारही अचूक ओळखणं निव्वळ नशिबाने सत्तरांत एकदाच जमतं. तशीच परीक्षा इथे लावता येते. तिसऱ्या माणसाने आठ वेळा बॅट हाती द्यावी, चार वेळा ही बाजू, चार वेळा ती, आणि खेळाडूने खेळून सांगावं कोणतं रबर होतं. ओळखता येत नसेल, तर कितीतरी पट किंमत कशासाठी मोजायची, हा प्रश्न इंझोरीतल्या त्या मुलाच्या बापाने विचारलाच पाहिजे.

यावरचा एकच आक्षेप मला खरोखर जड वाटतो: दोन्ही रबरं आणायची कुठून? एकाचे पैसे जुळवताना जिथे नाकी नऊ येतात, तिथे दोन कशी घेणार? याचं उत्तर एकट्या खेळाडूकडे नाही. जिल्ह्याच्या क्रीडासंकुलांनी आणि क्लबांनी परीक्षेसाठी दोन-चार साधी ब्लेडं आणि प्रचलित रबरांचा एकेक संच ठेवावा, वाचनालयात पुस्तकं ठेवतात तसा, आणि आठवडाभर खेळून परत आणायला द्यावा. पाण्यावर आधारित गोंदाने लावलेलं रबर सोलून काढता येतं आणि पुन्हा लावता येतं. लाकडाचे तंतू निघू नयेत म्हणून ब्लेडवर आधी पातळ लॅकर दिलं की झालं. वापरून झिजलेली रबरं मोठे खेळाडू फेकून देतात. सारख्या वयाच्या दोन झिजलेल्या रबरांची तुलनाही पाकिटावरच्या आकड्यांपेक्षा अधिक सांगते. आणि हेही जमत नसेल, तर निदान रबर, जाडी आणि ब्लेड एकाच खरेदीत बदलू नये. हातातल्या बॅटवर एकाच बाजूचं रबर बदलावं, दुसरी बाजू तशीच ठेवावी, आणि पुढच्या महिन्याभराच्या सरावाचे आकडे वहीत लिहावेत.