दिनविशेष : १९ जुलै
रिबेका नर्स यांना फाशी (१६९२)

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत, सेलम येथे आजच्या दिवशी पाच स्त्रियांना चेटूक केल्याच्या आरोपावरून फाशी देण्यात आले. त्यांत ७१ वर्षांच्या रिबेका नर्स होत्या. कानांनी अधू, आजारी, गावात धर्मपरायण म्हणून मान असलेल्या. पुरावा काय, तर रिबेकाची छाया येऊन आपल्याला छळते, अशी काही मुलींची आणि बायकांची तक्रार! त्या निर्दोष आहेत असे सांगणाऱ्या अर्जावर ३९ शेजाऱ्यांनी सह्या केल्या. त्या दिवसांत अशी सही करणे म्हणजे संशय स्वतःवर ओढवून घेणे होते. ज्यूरीनेही आधी ‘निर्दोष’ असाच निर्णय दिला. पण आरोप करणाऱ्यांनी आकांत मांडला, न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावले. ज्यूरीने रिबेकांना त्यांच्याच एका वाक्याचा खुलासा विचारला. तो प्रश्न त्यांना नीट ऐकूच आला नाही. त्यांचे गप्प राहणे हाच गुन्हा ठरला.

गुन्हा कबूल करणारे बहुतेक जण वाचले. खोटे बोलायला नकार देणारे फासावर गेले. त्या वर्षी सेलममध्ये एकूण १९ जणांना फाशी झाली. रिबेकांची बहीण मेरी ईस्टी हिलाही सप्टेंबरात लटकवण्यात आले. १७०६ मध्ये आरोपकर्त्यांपैकी ॲन पुटनम हिने चर्चमध्ये जाहीर क्षमा मागितली. १७११ मध्ये अनेकांच्या शिक्षा रद्द होऊन वारसांना भरपाई मिळाली. दोषी ठरलेल्यांपैकी शेवटचे नाव, एलिझाबेथ जॉन्सन, शाळकरी मुलांच्या पाठपुराव्यामुळे २०२२ मध्ये कायद्याने निर्दोष ठरले.