पहारेकरी आणि लेखक

कॉपीराइट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन माणसे येतात. एक बिचारा लेखक आणि दुसरा त्याचे पैसे बुडवणारा चोर. पण या कायद्याचा इतिहास चाळला की तिसराही एक माणूस दिसतो. तो म्हणजे पहारेकरी.

१५५७ साली इंग्लंडच्या मेरी राणीने लंडनच्या छापखानेवाल्यांच्या आणि पुस्तकविक्रेत्यांच्या संघाला, 'स्टेशनर्स कंपनी'ला, सनद दिली. छपाईचा मक्ता संघाकडे आला. बदल्यात दुकाने, घरे झडून बेकायदा पुस्तके जप्त करण्याचे कामही त्याच्याकडे आले. व्यापाऱ्यांचा धंदा सांभाळला गेला आणि राणीला नको असलेले लिखाण परस्पर दडपता येऊ लागले. लेखकाला कोणी विचारलेच नाही! कायद्याने हक्क लेखकाच्या नावे झाला तो थेट १७१० मध्ये, ॲन राणीच्या काळात. तोही १४ वर्षांपुरता, आणि लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षे.

हे सगळे आठवायचे कारण 'ॲक्टा' नावाचा करार. अमेरिका, जपान, युरोपीय संघ आणि इतर काही देशांनी २००८ मध्ये त्याच्या वाटाघाटी सुरू केल्या. भारत त्यात नव्हता. करार नावाला बनावट मालाविरुद्ध, पण त्यात इंटरनेटही होते. मसुदा गुप्त ठेवला होता, तो फुटला. अधिकृतपणे जाहीर झाला एप्रिल २०१० मध्ये. फुटलेल्या मसुद्यात एक कल्पना अशी होती, की वारंवार कॉपीराइट मोडणाऱ्या ग्राहकाची जोडणी तोडण्याचे धोरण इंटरनेट कंपन्यांनी ठेवावे, तरच त्यांना कायद्याचे संरक्षण मिळेल. म्हणजे पहारेकरी पुन्हा नेमायचा, आणि तोही खाजगी!

अंतिम मसुद्यातून ते कलम गेले, पण संशय गेला नाही. जानेवारी २०१२ मध्ये पोलंडमध्ये ऐन थंडीत तरुण मुले रस्त्यावर उतरली. काही खासदार तर मुखवटे लावून संसदेत बसले. ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. अमलात येण्यासाठी सहा देशांची अंतिम मंजुरी हवी होती. ती मिळाली एकट्या जपानची.

लेखकाला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल माझे दुमत नाही. प्रश्न आहे तो निवाडा कोणी करायचा हा. न्यायालयात दोन्ही बाजू ऐकल्या जातात. कंपनी मात्र आपला हिशेब पाहते. मजकूर ठेवला तर दावा लागण्याची भीती, काढून टाकला तर खर्च काहीच नाही. मग ती काढूनच टाकणार. त्यात एखाद्याची टीका, विडंबन किंवा अभ्यासासाठी दिलेला उताराही जातो.

पहारेकरी गेला असे मात्र समजू नका. २०१९ च्या युरोपीय कायद्याच्या १७ व्या कलमाने मोठ्या संकेतस्थळांना पुन्हा तसेच काम दिले. आता झडती माणूस नव्हे, बहुतेक वेळा यंत्र घेते.

असो. पहाऱ्याचा नवा कायदा आला की मी आधी एवढेच पाहतो, की त्यात दाद मागायला जागा कुठे ठेवली आहे. स्टेशनर्स कंपनीच्या काळात ती लेखकाला नव्हती.