मे महिन्यातली खिचडी

मागच्या रविवारी आई माळ्यावरचे जुने डबे काढून घासत बसली होती. त्यात माझा पहिलीतला स्टीलचा डबा निघाला. झाकणावर माझं नाव कोरलेलं, एक कान तुटलेला. मी म्हटलं, "अरे, हा तर खिचडीचा डबा!" तर झालं असं, की त्या डब्यावरून निघालेला विषय थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि माझा अख्खा विकांत त्यातच गेला. लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा. :)

मी वाढलो फुलपाड्यात. विरार पूर्वेला, पापडखिंड धरणाकडे जायच्या रस्त्यावर. आता तिथे सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत, तेव्हा चाळी होत्या आणि मागे पाडा. 2003 च्या जूनमध्ये मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला गेलो. शिजवलेली खिचडी महाराष्ट्रातल्या शाळांत नुकतीच येऊ लागली होती, म्हणजे आमची पिढी ही खिचडीची पहिली बॅच म्हणायला हरकत नाही.

वर्गात पाड्यावरचा एक मुलगा होता. मे महिन्याच्या सुट्टीत तो रोज दुपारी आमच्याकडे यायचा. बॅट माझ्याकडे होती, म्हणून येतो अशी माझी पक्की समजूत. परवा डबा घासता घासता आई म्हणाली, "बॅटसाठी नव्हता रे येत. बरोब्बर साडेबाराला यायचा. तुमच्या खिचडीची वेळ ती." ती तेव्हा दोन चपात्या जास्तीच्या टाकायची. हे मला वीस वर्षांनी कळलं.

मग डोक्यात आलं, शाळेला सुट्टी लागते तेव्हा भुकेला लागत नाही, हे सरकारात कुणाच्या कधी लक्षात आलं की नाही? आलं. पण कसं आणि कधी आलं, ती गोष्ट मोठी मजेशीर (खरं तर अजिबात मजेशीर नाही) आहे.

सुरुवात आजीपासून करतो. आमचं मूळ गाव पारनेर तालुक्यात. 1972 च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती, त्यातली ती एक. घरात अमेरिकेहून आलेली मिलो, म्हणजे लाल ज्वारी, आणि कामावर सुकडी. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठाचं गोडसर पौष्टिक खाणं. आजी म्हणायची, मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण सुकडीला पोरं टपून असायची. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. सुकडी शाळेत नव्हती, कामावर होती. आईबाप जिथे तिथे पोर आणि पोर जिथे तिथे खाणं.

आता 1995. त्या वर्षी 15 ऑगस्टला केंद्राची शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली आणि नोव्हेंबरपासून आपल्याकडे. शिजवून वगैरे काही नाही, महिन्याला 3 किलो तांदूळ घरी न्यायचा. अट काय, तर 80 टक्के हजेरी. वर्षाचे 10 महिने तांदूळ, उरलेले दोन महिने कोरडे. हेतू मूळचा मुलं शाळेत टिकावीत हा होता, त्यामुळे शाळा बंद तर तांदूळ बंद, हे त्या तर्काने बरोबरच. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे लगेच कळतं. एक इफ कंडिशन आहे, 'आज शाळा आहे का'. उत्तर नाही आलं की पुढची ओळ चालतच नाही. प्रोग्रॅममध्ये बग नाही, अट लिहिणाऱ्याने पोटाचा विचारच केलेला नाही.

2001 मध्ये राजस्थानच्या पीयूसीएलने सुप्रीम कोर्टात याचिका केली. सरकारी गोदामांत 5 कोटी टनांच्या वर धान्य पडून आणि बाहेर दुष्काळात माणसं उपाशी, हे कसं, असा साधा प्रश्न होता. 28 नोव्हेंबर 2001 चा अंतरिम आदेश प्रसिद्ध आहे. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्या, किमान 300 कॅलरी, 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षाला किमान 200 दिवस. माझ्या डब्यातली खिचडी या आदेशातून आली. (पहिलीत हे माहीत असतं तर न्यायाधीशांना मीठ कमी पडतं असं कळवलं असतं.)

पण 365 वजा 200 किती? 165. त्या 165 दिवसांकडे कोर्टाचं लक्ष गेलं ते 20 एप्रिल 2004 ला. त्या दिवशीच्या आदेशात एक छोटं वाक्य आहे, की दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही माध्यान्ह भोजन द्यावं. सप्टेंबर 2004 मध्ये केंद्राने योजना सुधारली तेव्हा ते नियमातही आलं. माझ्या माहितीप्रमाणे मे महिन्यातल्या खिचडीचा जन्म हाच. अर्थात जन्मतःच तिला अट चिकटली ती दुष्काळाची.

आमच्या वसई तालुक्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दुष्काळाच्या यादीत आमचं नाव लागणं अवघडच. म्हणजे 2004 च्या मे महिन्यात माझा तो मित्र साडेबाराला आमच्या दारात उभा असताना कायद्याच्या दृष्टीने भुकेला नव्हता.

पुढे 2013 चा अन्न सुरक्षा कायदा आला. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना रोज एक वेळचं मोफत जेवण हा हक्क झाला, पण लगेच पुढे 'शाळेच्या सुट्ट्या वगळून' असं लिहिलंय. आधी जे योजनेत होतं ते आता कायद्यात पक्कं झालं. स्वयंपाक करणाऱ्या बायकांचंही तसंच. केंद्राने डिसेंबर 2009 पासून त्यांना महिना 1000 रुपये मानधन ठरवलं, पण वर्षाचे 10 महिनेच. पुढे राज्याने रक्कम वाढवली. मे महिन्यात शाळेची चूलही बंद आणि त्या बाईच्या घरची चूल कशी पेटायची हा प्रश्न तिचा तिने सोडवायचा.

2016 आठवतं ना? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं ते वर्ष. स्वराज अभियानच्या याचिकेवर 13 मे 2016 ला कोर्टाने पुन्हा सांगितलं, की दुष्काळी भागात सुट्टीतही जेवण द्या आणि आठवड्यातून किमान तीन दिवस अंडं, दूध किंवा तसं काहीतरी द्या. तारीख बघा. 13 मे! आपल्याकडे तोवर सुट्टी चांगली रंगलेली असते. 2018 मध्ये ऑक्टोबर अखेरीलाच 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा निदान पुढच्या उन्हाळ्याची तयारी करायला वेळ तरी होता.

माझी एक मावशी मराठवाड्यात शिक्षिका होती. तिला 2016 चा अनुभव विचारला. ती म्हणाली, पहिल्या आठवड्यात पोरं आली, मग रोडावली. कुणी मामाच्या गावाला गेलं, कुणी आईबापामागे पुण्याकडे. उन्हात दोन किलोमीटर चालत खिचडीसाठी कोण येणार? शिवाय शिक्षकांनाही सुट्टी हवीच असते, तिने ते लपवलं नाही. मग बाहेरून दिसतं असं, की जेवण ठेवलं होतं, मुलंच आली नाहीत. म्हणजे गरज नसावी. इथे मला आजीची सुकडी आठवली. जेवण शाळेत होतं, पोर शाळेच्या गावातच नव्हतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आमच्या तालुक्यात आहे. शिरसाडवरून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलं की पारोळ-उसगावच्या बाजूला वीटभट्ट्या लागतात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर येतात ती पावसाच्या तोंडावर परततात. पोराचं नाव मोखाड्याच्या हजेरीपटावर, पोर आमच्या तालुक्यात. शाळा चालू असते तेव्हा ते खिचडीपासून लांब. मेअखेरीस गावी पोचतं तेव्हा शाळेला कुलूप. शाळा उघडते तोवर पावसाळा आणि तिकडे पावसाळा म्हणजे हाताला काम नसण्याचे दिवस. जव्हारच्या वावर-वांगणीची 1992 ची बालमृत्यूंची बातमी वडिलांच्या पिढीला अजून आठवते.

यावर आपल्याच तालुक्यात कुणीतरी डोकं चालवलं होतं. उसगावच्या विवेक पंडितांच्या विधायक संसदेने 1990 च्या दशकात भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. पोर शाळेत येत नाही ना, मग शाळा भट्टीवर. इतकी साधी कल्पना, पण सरकारी योजनेला जेवणाच्या बाबतीत ती सुचायला जड जाते.

2023 च्या उन्हाळ्यात कंपनीने मला न्यू जर्सीला ऑनसाईट पाठवलं होतं. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या दारावर बोर्ड पाहिला, अठरा वर्षांखालच्या मुलांना दुपारचं जेवण फुकट. मला वाटलं कसलीतरी पार्टी आहे! नंतर वाचलं, की त्यांनी 1968 मध्ये प्रयोग सुरू केला आणि 1975 पासून उन्हाळी जेवणाची वेगळी योजनाच आहे. गरीब वस्तीतली बाग, वाचनालय, चर्च, कुठेही. नाव नोंदवायचं नाही, फक्त तिथे बसून खायचं. तिथेही सगळी मुलं पोचत नाहीतच, म्हणून 2024 पासून उन्हाळ्यात मुलामागे महिन्याला 40 डॉलर कार्डावर द्यायला लागले. काही राज्यांनी तेही नाकारलं. असो, मूर्खपणा ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

आपल्याकडे दुष्काळाची अट पहिल्यांदा सुटली ती कोविडमुळे. 28 एप्रिल 2020 ला केंद्राने जाहीर केलं, की यंदा सुट्टीतही आहार द्यायचा, देशभर, साधारण 1600 कोटी जास्तीचे. शाळा बंद म्हणून शिजवलेलं नाही, शिधा किंवा पैसे. 2021 च्या सुट्टीसाठी महाराष्ट्रात ठरलं की पैसे मुलांच्या बँक खात्यात. पहिली ते पाचवी 156 रुपये, सहावी ते आठवी 234 रुपये. एकदाच, पूर्ण सुट्टीचे. 35 दिवसांचा हिशोब धरला तर लहान मुलामागे दिवसाला साडेचार रुपयांच्या आत. त्यासाठी पोराचं खातं उघडायचं, बँकेत दोन हेलपाटे, म्हणजे मजुरीचे दोन दिवस गेले. मी रोज बँकांचीच सॉफ्टवेअरं लिहितो, त्यामुळे खातं उघडायला काय काय लागतं ते मला विचारू नका.

शाळा पुन्हा सुरू झाल्या आणि सुट्टी पुन्हा सुट्टी झाली. योजनेचं नाव 2021 मध्ये पीएम पोषण झालं.

काल संध्याकाळी पापडखिंडीकडे फिरायला गेलो होतो. येताना मुद्दाम शाळेवरून आलो. गेटला कुलूप, खिडकीतून आत खिचडीचं मोठं पातेलं पालथं घातलेलं दिसलं. पटांगणात पाड्यावरची आठ-दहा पोरं क्रिकेट खेळत होती. मी आईला फोन करून विचारलं, तो मुलगा आता कुठे असतो ग? ती म्हणाली, चौथीनंतर दिसला नाही, बहुतेक त्याच्या आईबापांनी भट्टीवर नेला.